कार्ड वाचेल ना?

दुपार झाली तरी धुकं हटायचं नाव घेत नव्हतं. रस्त्यापलीकडची दुकानं कुणी खोडरबरानं पुसल्यासारखी दिसत होती... म्हणूनच ती चुकीच्या दारात शिरली. जायचं होतं शेजारच्या मोठ्या, झगझगीत दुकानात. आणि येऊन उभी राहिली ती एका चिंचोळ्या खोलीत — पोट उघडून ठेवलेल्या कॉम्प्युटरांच्या गराड्यात बसलेल्या दुरुस्तीवाल्यासमोर.

तो फोनवर होता.

"हो गं ताई, रात्री काही खाणार नाही. पाणीसुद्धा नाही... अगं, उद्या हृदय माझं उघडणार आहेत, तुझं कशाला धडधडतंय?"

फोन ठेवून त्यानं वर पाहिलं. तिनं सगळं ऐकलंय, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत असणार.

"बोला," तो हसला. हसताना त्याचा एक गाल जरा जास्तच वर जायचा... आणि आपण कशाला आलो होतो, तेच ती क्षणभर विसरली.

"हे... कार्ड." तिनं गळ्यातला कॅमेरा काढून पुढे केला. "काल एका रिकाम्या घराचे फोटो काढलेत. घर विकायला काढलंय, एजंट संध्याकाळपर्यंत फोटो मागतोय. पण कार्ड रीडरमध्ये घालून कॉम्प्युटरला लावलं की रीडरचा दिवा नुसता लुकलुकतो, दिसत काहीच नाही. वाचेल ना हो?"

कॅमेरा घ्यायला पुढे आलेला त्याचा हात मध्येच थांबला.

"काय झालं?"

"काही नाही. सकाळपासून घरातले सगळे डॉक्टरांना हेच विचारतायत... वाचेल ना?"

तिनं जीभ चावली. "अहो, मी कार्डाबद्दल —"

"कळलं हो! कार्डाचं मी बघतो, माझं डॉक्टर बघतील. बसा."

ती बसली. त्यानं कॅमेऱ्यातलं कार्ड काढून रीडरमध्ये सरकवलं आणि रीडर आधी पुढच्या खाचेत लावला, मग कॉम्प्युटरच्या मागच्या. "पुढच्या खाचांना कधीकधी वीज पुरत नाही." काही नाही. दुसरा रीडर... तरी काही नाही. कार्डाच्या सोनेरी पट्ट्या त्यानं खोडरबरानं इतक्या हलक्या हातानं पुसल्या, की तिची नजर कार्डावरून त्याच्या बोटांवर कधी गेली, तिलाच कळलं नाही.

"सापडलं!" तो म्हणाला. "कॉम्प्युटर प्रत्येक कार्डाला एक अक्षर देतो. तुमच्या कार्डाला नेमकं तेच मिळालंय, जे आधीच दुसऱ्या डिस्कला दिलेलं आहे. एका घरात एकाच नावाची दोन माणसं असली की कसं होतं? हाक मारली तर कोणीच ओ देत नाही. आता याला नवं अक्षर देऊ. कुठलं देऊ... तुमच्या नावाचं पहिलं?"

"नाव विचारायची ही पद्धत बरी आहे."

"पूर्ण कुठे विचारतोय? एक अक्षर तर मागतोय."

तिनं हसू दाबत अक्षर सांगितलं. पडद्यावर फोटो एकेक करून उगवू लागले.

घराचं बंद दार. मग बैठकीची खोली... आणि खिडकीपाशी, पाठमोरा उभा असलेला माणूस.

"रिकामं घर म्हणालात ना?"

"रिकामंच होतं," ती कशीबशी म्हणाली. "कुलूप मीच उघडलं. मीच लावलं."

स्वयंपाकघर. तो माणूस तिथेही होता, ओट्याशी. जिना... आता आणखी जवळ. मानेवरचा केसांचा भोवरा दिसू लागला. तिनं हळूच शेजारी पाहिलं. दुरुस्तीवाला पुढे वाकला होता, आणि त्याच्या मानेवर तोच भोवरा होता.

शेवटच्या फोटोत माणूस वळला होता. तेच हसू, एक गाल वर. सदऱ्याची वरची बटणं उघडी... आणि गळ्याखालून सरळ उतरत गेलेला, भरून आलेला फिकट व्रण.

दुरुस्तीवाल्याचा हात आपोआप स्वतःच्या छातीवर गेला.

"मी त्या घरात कधी पाऊलही टाकलेलं नाही," तो पुटपुटला. "आणि हे तर... उद्या व्हायचंय."

फोटोखालची तारीख त्यानं वाचली, पुन्हा वाचली. पुढच्या वर्षाची होती. श्वास रोखून त्यानं विचारलं, "कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर आहे ना?"

एक 'हो' पुरलं असतं. ते 'हो' उशाशी घेऊन तो उद्या निर्धास्त निजला असता. पण त्याचे डोळे असे तिच्याकडे लागलेले असताना...

"नाही," ती म्हणाली. "बॅटरी बदलली तेव्हा मीच घाई केली. वर्ष एकानं पुढचं लागलं."

तो खुर्चीत मागे टेकला. म्हणाला, "खोटं बोलला असतात तरी चाललं असतं."

"तुमच्याशी नाही जमलं."

"आत्ता तर ओळख झालीय आपली!"

"म्हणूनच. सुरुवातच खोट्यानं कशाला?"

सुरुवात... शब्द तोंडातून निसटला आणि तिचे कान तापले.

"पण मग हा कोण?" तिनं घाईघाईनं पडद्याकडे बोट दाखवलं. फोटोतला माणूस कॅमेऱ्याकडे बघतच नव्हता. त्याची नजर जराशी वर होती, जिथे फोटो काढणारीचा चेहरा असतो तिथे. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"कोण का असेना, तुमच्याकडे बघतोय," तो हळू आवाजात म्हणाला. "आणि त्याला मी तरी नावं ठेवणार नाही."

एवढं बोलून त्यानं कॅमेरा स्वतःकडे ओढला. "द्या, निदान घड्याळ तरी सरळ करून देतो." त्याचं बोट वर्षाच्या आकड्यावर आलं.

तिनं त्याच्या हातावर हात ठेवला.

"थांब."

'तुम्ही' कुठे गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

"वर्ष मागे नको आणूस," ती म्हणाली. "राहू दे ते तिथेच... आपण दोघं जाऊ तिथवर."

त्यानं बटणावरचं बोट काढलं. हात मात्र तिच्या हाताखालीच राहू दिला.