ताईचा शेवटचा साचा

दुपारी ओहोटी लागली तशी ती प्लास्टरची बादली घेऊन सरांबरोबर होडीतून वाळूच्या पट्ट्यावर उतरली. प्रदर्शनासाठी एकच साचा काढायचा राहिला होता. लाटा वाळूवर जी नक्षी सोडून जातात तिच्यावर प्लास्टर ओतायचं, घट्ट झालं की उचलायचं. हे काम मूळचं तिच्या थोरल्या बहिणीचं, ताईचं. ताई शिल्पकार, सर लाटांचे अभ्यासक. दोघांच्या जोडकामाचं केवढं कौतुक व्हायचं. मग याच पट्ट्यावर ताई भरतीत बुडाली. “मी हाका मारत होतो, ती समुद्राकडेच चालत गेली. कलावंताचं वेड, दुसरं काय,” असं सर गावभर सांगत फिरले. उद्या उद्घाटनालाही हेच सांगणार होते. ऐकून हिच्या अंगाची लाही लाही व्हायची. तरी ताईचं काम अर्धवट राहू नये म्हणून ती तोंड मिटून राबत होती.

वाळू कोरी होती, पक्ष्याचं पाऊलसुद्धा नव्हतं. प्लास्टर घट्ट होईपर्यंत वारा पडला आणि कुजक्या शेवाळाचा वास दाटून आला.

तिने साचा उलटला. नक्षीच्या मधोमध एक तळवा उठला होता. बोटं ठळक, टाच पुसट, करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली.

“सर... ही ताई आहे. करंगळी बघा.”

“काहीतरीच काय. कोणीतरी चालून गेलं असेल.”

“बोटं होडीकडे आहेत. ती पळत येत होती... तुमच्याकडे.”

सरांचा चेहरा उतरला. त्यांची नजर होडीतल्या, लाटा मोजायच्या यंत्रांच्या पेट्यांकडे गेली.

“पाणी फार झपाट्याने चढत होतं गं,” ते पुटपुटले. “होडीत यंत्रं होती. आणखी एक माणूस घेतलं असतं, तर सगळं भिजलं असतं.”

तिच्या डोक्यात सणक गेली. माणूस म्हणे. ती साचा उचलून होडीकडे निघाली. सर मागून आले नाहीत. वळून पाहिलं तर ते गुडघ्यापर्यंत रुतले होते. मघाशी तिथूनच ती चालत आली होती, वाळू टणक होती.

“हात दे... खालून कोणीतरी धरलंय...”

पाणी चढायला लागलं होतं.

“तुम्हाला घेतलं तर यंत्रं भिजतील, सर,” ती म्हणाली आणि होडी ढकलून आत बसली.

ती वल्हवू लागली. मागून हाका येत होत्या, हळूहळू त्या थांबल्या. ती एका टोकाला बसली होती आणि पेट्याही तिच्याच मागे होत्या. तरी होडीचं समोरचं रिकामं टोक पाण्यात खाली दबत चाललं होतं.