कोरड्या तळ्याची ओटी

खण आणि नारळ मीच आणला, तिसगावच्या बाजारातून. हिरवा खण. गीताबाईने रंग सांगून पाठवलं होतं. तळ्यात ओला गाळसुद्धा नव्हता, पण मी जास्त वाद घातला नाही. बायको माझी. तिने सांगितलं, मी आणलं.

आमच्याकडे पावसाळ्यात तळं भरलं की गावातल्या सवाष्णी आत उतरून त्याची ओटी भरतात. आलेल्या पाण्याचा मान करायचा, घरी आलेल्या लेकीचा करावा तसा. गेल्या पावसाळ्यात पाणी आलंच नाही. चैत्रात टँकर सुरू झाला आणि वैशाखात बंद पडला. का? तर आकाशातून एक उपग्रह जातो, तो तळ्यांचं पाणी मोजतो. त्याच्या मापात आमचं तळं भरत चाललेलं.

खात्री करायला सरकारकडून अपूर्वा नावाची इंजिनियर मुलगी जीप घेऊन आली. माझं घर बांधाच्या पायथ्याला. मीच तिला तळ्यात घेऊन गेलो. जमिनीच्या भेगांत हात जात होता.

"बाबा, उपग्रह वरून लहर सोडतो," ती म्हणाली. "पाण्यावर आपटून ती परत जाते. तिला किती वेळ लागला त्यावरून पाणी किती चढलं ते कळतं."

"आनि पानी नसलं तर?"

"तर इथून, या मातीवरून परत जाईल." तिने वर पाहिलं. "आत्ता ती आपल्या डोक्यावरूनच परत जातेय." ती हसली, मग हसू आवरलं. "मशीनची चूक असणार. मी तसं कळवते. फक्त... चूक असली की आकडा कसाही उडतो. हा दर फेरीला थोडा थोडा चढतोय. खरं तळं भरतं तसा."

तिने कळवलं. टँकर आला नाही.

मग सरपंच कानिफनाथने डोकं लढवलं. पारावर सगळे बसले होते. तो मला म्हणाला, "सरकार म्हनतंय ना तळं भरलंय? मग आपून वाजतगाजत ओटी भरू. पेपरात फोटू छापून आला की टँकर पळत येतो का न्हाई बघा, तात्या!"

"होडी पन आना रे," कोणीतरी ओरडलं. सगळे हसले.

"काकू सगळ्यांत थोरल्या. मान त्यांचा," कानिफ गीताबाईबद्दल म्हणाला.

मी घरी येऊन गीताबाईला म्हणालो, "असल्या गोष्टीची थट्टा करू न्हाई. जाऊ नगंस."

ती म्हशीपाशी बसली होती. म्हैस रिकाम्या टोपल्यात तोंड घालून चाटत होती. "लोकं थट्टा करत्यात, करू द्या," ती म्हणाली. "मी न्हाई करनार. मी खरंच बोलावनार हाय पान्याला. मनापासून."

भर दुपारी गाव बांधावर जमलं. हलगी वाजत होती. बायका उन्हाला भिऊन बांधावरच थांबल्या. गीताबाई एकटी उतरली, अनवाणी, हातात ताट. मध्यावर तिने खण-नारळ ठेवला, तांदूळ वाहिले आणि दोन्ही हात पसरून काहीतरी पुटपुटली. मला ऐकू आलं नाही.

आधी वास आला. शेवाळाचा, कुजल्या गवताचा, खोल पाण्याचा. इतक्या महिन्यांत तो वास कोणी घेतला नव्हता. हलगीवाल्याचा हात थांबला.

गीताबाई माघारी फिरली. चालता चालता तिने निऱ्या उचलून गुडघ्यापर्यंत धरल्या. पाऊल जड टाकू लागली. पाण्यातून माणूस चालतं, तशी.

"काकू नाटक लई झ्याक करत्यात!" कानिफ म्हणाला. पण हळू.

ती थांबली. माझ्याकडे पाहिलं. "अवो... लई गार हाय..."

मग तिने हात छातीच्या वर उचलले. मान ताणून हनुवटी वर केली. वारा नव्हता. तिचा अंबाडा सुटला, आणि पांढरे केस वर उठून डोक्याभोवती सावकाश पसरले... डुलत राहिले.

मी धावलो. माझ्या पायाखाली माती तापलेली, कोरडी. तिने तोंड उघडलं. आवाज आला नाही. मी पोचेपर्यंत ती पडली. धपकन नाही. अलगद, झाडाचं पान पाण्यात बुडतं तशी, खाली आली.

पाथर्डीला नेली. डॉक्टरांनी तपासलं. जीव गेला होता, छातीत पाणी भरलं होतं. "कुठल्या विहिरीत पडल्या?" त्यांनी विचारलं. तिची साडी खडखडीत कोरडी होती. मी म्हणालो, विहीर नाही. त्यांनी साडीला हात लावून पाहिला. 

दुसऱ्या दिवशी पेपरात तिची बातमी आली आणि टँकर सुरू झाला. म्हैस मी विकली. एकट्या माणसाला पाणी लागतं किती?

परवा अपूर्वाचा फोन आला. 

"बाबा... शेवटच्या फेरीचा आकडा बांधाच्या वर गेलाय."

"चूक म्हनाली हुतीस ना, पोरी?"

ती म्हणाली, "तुमचं घर बांधाच्या खालीच आहे ना? थोडे दिवस दुसरीकडे जाऊन राहा. माझं ऐका."

मी फोन ठेवला. घर माझं आहे. तिची तिरडी निघाली ती याच दारातून. मी जाणार नाही.

काल सकाळी उठलो. मोरीपाशी प्लॅस्टिकच्या दोन घागरी असतात, झाकणं घट्ट लावलेल्या. भरलेली जागेवर होती. रिकामी दिसेना. बाहेर पाहिलं, खाटेखाली पाहिलं. मग वरून आवाज आला... टक... टक...

छताच्या पत्र्याला आतून टेकून ती घागर हळूहळू हलत होती.