नोंदीत नसलेले पाच दिवस

मी त्या शिक्केवाल्याच्या प्रेमात पडले, त्यालाही ते मान्य आहे, विषय संपला.

पण असं काही झालेलंच नाही. सरकारी नोंदीप्रमाणे बुधवार ते सोमवार मी त्या देशात नव्हते. जी बाई देशातच नाही, ती तिथल्या कर्मचाऱ्याच्या प्रेमात कशी पडेल? तेव्हा पुढचं सगळं न घडलेलं समजून वाचावं.

सायकलवर, एकटी, जगाला वळसा घालायला निघाले होते. आईने निघताना सांगितलं होतं, "नाही जमलं तर परत ये, कुणी हसणार नाही." काकाने तेव्हाच हसायला सुरुवात केली होती. मीटरवर नऊ हजार चारशे बारा किलोमीटर झाले, तेव्हा घाटमाथ्यावरची ती सीमाचौकी आली. एक दांडी, एक खिडकी, आणि खिडकीत तो.

"कुठून आलात?"

"घरून."

"आणि निघालात कुठे?"

"घरी."

त्याने मान वर केली. पापण्या फार लांब होत्या. सरकारी माणसाला इतक्या लागत नाहीत.

"मग उलट फिरायचं ना. जवळ पडलं असतं."

"सरळ जात राहिलं की माणूस निघाला तिथेच पोचतो. पृथ्वी गोल आहे म्हणतात… बघून येते म्हटलं."

त्याचा हात हवेतच थांबला. तो माझ्याकडे बघत राहिला — आणि तसंच बघत त्याने शिक्का मारला. धप्प.

निर्गमनाचा. म्हणजे मी आत यायच्या आधीच बाहेर गेले होते.

"आता?"

"आता तुम्हाला आत घेता येत नाही, कारण तुम्ही गेलात," तो पांढराफटक पडून म्हणाला. "परतही पाठवता येत नाही, कारण तुम्ही आलाच नाहीत."

"मग मी आहे कुठे?"

त्याने नियमांचं पुस्तक प्रामाणिकपणे चाळलं. "त्याबद्दल काही दिलेलं नाही."

'रद्द'चा शिक्का साहेबांच्या खिशात असतो, आणि साहेब सोमवारी येतात. तोवर मला चौकीच्या प्रतीक्षागृहात ठेवलं. दोन दारं, दोन बाकं, एक शेगडी. सकाळी त्याने दारावर टकटक केली.

"गैरहजर… चहा घेणार का?"

तेच माझं नाव पडलं.

दुपारी गाड्या कमी असायच्या. तो नोंदवही शिवायच्या दोऱ्याने माझा फाटका हातमोजा शिवायचा आणि मी प्रवास सांगायची. नावेत माणसांची तिकिटं संपली होती म्हणून मी शेळीच्या तिकिटावर नदी ओलांडली. उतरताना मोजणीत एक शेळी जास्त भरली, तर मालकाने माझ्यासाठीही चारा टाकला.

तो हसून हसून वाकला. मग हळूच म्हणाला, "आणि… खरंच मोठं काही बघितलंत?"

"मिठाचं मैदान. पाऊस होऊन गेलेला, वर बोटभर पाणी, वारा नाही. ढग वर, ढग खाली. मी ब्रेक दाबला, पण पाय टेकवायची हिंमत होईना… आभाळात पडले तर?"

"मग?"

"मग बूट काढले. बूट घालून कसं जायचं तिथे?"

त्याने सुई खाली ठेवली.

"सहा वर्षं आहे मी इथे," तो म्हणाला. "दांडीपलीकडे एक पाऊल टाकलेलं नाही. रोज माणसं तिकडून येतात, म्हणजे तिकडे काहीतरी असणार, इतकंच कळतं."

तेवढ्यात एका ट्रकवाल्याने खिडकीतून डोकं घातलं. "काय मग, वहिनींचा शिक्का झाला का?"

"अजून नाही," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला. 'वहिनी नाहीत' असं मात्र म्हणाला नाही. मी नोंद घेतली.

रविवारी ऊन बाकावर आलं, तसं माझ्या तोंडून निघून गेलं, "राहू का मी इथेच?"

"नको."

"नको?"

"तू राहिलीस तर मला कसं कळणार, गोल आहे की नाही?" पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. "माझ्या ओळखीचं कुणीतरी फिरून यायला हवं ना… इकडून गेलेलं, तिकडून."

मी मीटरकडे बघितलं. नऊ हजार चारशे बारा. त्यातला एकेक किलोमीटर काकाच्या नाकावर टिच्चून कमावलेला होता. घरून मोजलं तर एकतीस हजारांच्या आत उरले होते. या दांडीपासून मोजलं तर पुरे चाळीस.

"इथे दाब," मी मीटरचं बटण दाखवत म्हटलं.

"काय होईल?"

"घर वाटेत लागेल, आणि वळसा इथे संपेल."

त्याने बोट ठेवलं. मी त्यावर माझं ठेवलं. शून्य.

आईला कळवलं, "घरी येतेय, पण मुक्कामाला. पोचायचंय पुढे." आई म्हणाली, "मुलगा काय करतो?"

सोमवारी साहेबांनी खिशातून शिक्का काढला, त्यावर फुंकर मारली. "इतके दिवस या बाई होत्या कुठे?"

"कुठेच नव्हत्या, साहेब."

मग त्याने प्रवेशाचा शिक्का तीनदा उलटसुलट तपासला आणि मारला. दांडी वर केली.

"मागे वळून बघू नकोस हं."

"का?"

"उलटं यायचा मोह होईल."

तरी मी बघितलं. त्याने खुर्ची उचलून दांडीशी आणली होती, मी जिथून आले होते त्या बाजूला तोंड करून. माझ्याकडे पाठ करून तो माझी वाट बघत बसला होता.

त्यानंतर चौदाव्या किलोमीटरला, दगडावर बसून लिहिलेला अर्ज:

प्रति, पृथ्वीचा कारभार पाहणारे जे कोणी असतील ते.
विषय: परीघ कमी करण्याबाबत.

महोदय, पृथ्वी आम्ही पाहत आहोत. ती फार सुंदर आहे, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त जरा जास्त आहे. तरी सदर परीघ चाळीस हजार किलोमीटरवरून तूर्त चारशेवर आणावा, ही नम्र विनंती. मिठाचं मैदान आहे तेवढंच ठेवावं. ते त्याला दाखवायचं आहे.

आपली,
गैरहजर