शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर

तिसगावच्या अजिनाथ लवांड्यांनी वीज खात्यात तीस वर्षं काढली आणि एकदाही शॉक खाल्ला नाही. असे विक्रम कोणी मोजत नाही, म्हणून पदक तेवढं राहिलं. त्यांचा नियम एकच, जिवंत यंत्रापाशी डावा हात खिशात, म्हणजे शॉक या हातातून त्या हातात छातीमधून जात नाही. निवृत्तीनंतर हॅम रेडिओसाठी, म्हणजे हौशी बिनतारी गप्पांसाठी, घरी बांधलेल्या अ‍ॅम्प्लिफायरपाशीही तो खिशातच असे. आत तीन हजार व्होल्ट, आणि बंद केल्यावरही ते बराच वेळ दबा धरून बसत.

रविवारी सकाळी त्याची चाचणी घ्यायला श्रीगोंद्याच्या सत्तारभाईंनी, त्यांच्या हॅम-मित्राने, आपल्या घरी दोन रिसीव्हर लावले. एक अजिनाथांच्या फ्रिक्वेन्सीवर, दुसरा जरा शेजारी. रेडिओने अ‍ॅम्प्लिफायरला झेपेल त्याहून जास्त रेटलं, की आवाज फाटतो आणि शेजारी सांडतो. सांडायचा थांबेपर्यंत रेटा कमी करत जायचं, एवढंच काम.

अजिनाथांनी पायाने माइकचं बटण दाबलं. "पन्नास वॅट."

"शेजारी नुसती खरखर. गल्लीतल्या टीव्हीत आज तुमचंच कीर्तन असंल, साहेब."

"पंचवीस."

"खरखर गेली. पन शेजारी आवाज हायच. तुमचाच. लई साफ."

"दहा."



"साहेब, शेजारी तुमी 'दहा' आधी म्हनालात. हितं मागून."

अजिनाथ हसले. सत्तारभाई चेष्टेला कमी नव्हते. तरी त्यांनी अ‍ॅम्प्लिफायर बंद केला, त्याची वायर काढली आणि नुसत्या रेडिओवर विचारलं, "आता?"

"आता तर जवळून येतंय."

"काय म्हणतोय?"

"म्हनतोय, 'सत्तारभाई, झाकण काढून बघतो.'"

हेच वाक्य अजिनाथांच्या जिभेवर होतं. त्यांनी ते गिळलं.

"मी असं काही म्हणणार नाही."

"तिकडं म्हनून झालं, साहेब." मग सत्तारभाईंचा आवाज उतरला. "थांबा. ठिणगी उडाल्यागत टक्‌ करून वाजलं काहीतरी. आता वहिनी हायत. नुसतं 'अहो' म्हनतायत. सारखं 'अहो'च."

स्वयंपाकघरात रोहिणी शेंगदाण्याचं कूट करत होती. खलबत्त्याचे ठोके मघापासून एका लयीत चालले होते.

ते थांबले.

"अहो," आतून हाक आली.

अजिनाथांनी खाली बघितलं.

झाकणाचे चारही स्क्रू टेबलावर ओळीने मांडलेले होते. डावा हात खिशात नव्हता.