पिठातली नासपती

खोटं वाटलं तर वाटो. पण अनुयासमोर 'मनाचे खेळ' म्हणू नका. ती शास्त्रज्ञ आहे. पुराव्याशिवाय ती देवालाही दारात उभं करत नाही.

गोष्ट नोव्हेंबर २०१४ची, नवीन पनवेलच्या दोन खोल्यांच्या घरातली.

अनुया मुंबईला अणूंच्या गाभ्यांवर प्रयोग करायची. हे गाभे इतके अस्थिर, की पापणी लवायच्या आत नाहीसे होतात. जाताना जे किरण सोडतात, त्यांवरून त्यांचा आकार ओळखायचा.

तिचे बाबा, उदयसिंह, निवृत्त कारकून. पोळ्या लाटता लाटता पोळपाटावरच्या पिठात बोटाने नासपती काढायचे. निमुळत्या टोकाशी अंगठा उमटवायचे.

"अनू, तुझा गाभा चेंडू नाही. नासपती आहे, लिहून घे!"

"बाबा, काहीतरीच तुमचं!"

दोन वर्षं वाट पाहून तिला यंत्रावर तीन दिवस मिळाले. तिथे फोन बंद ठेवावा लागे. तिसऱ्या दुपारी पडद्यावर खूण दिसली.

नासपती!

कधी एकदा बाबांना सांगते, असं तिला झालं. धावत बाहेर येऊन तिने फोन लावला. उचलला आईने.

"घरी ये गं," एवढंच आई म्हणाली.

घरी पोचल्यावर कळलं, बाबा आदल्या दिवशीच गेले होते. सकाळी अग्नीही दिला होता.

"मला का नाही कळवलंस, आई?"

"शपथ घातली होती त्यांनी. 'तिचं काम मोडू नका' म्हणाले."

अनुया ढसाढसा रडली. कसला गाभा आणि कसलं काय!

बाबांनी प्राण सोडला तिथे रीतीप्रमाणे दिवा लावून पीठ पसरलं होतं. वर टोपली. सकाळी ठसा बघायचा. गेलेला माणूस कुठल्या जन्माला गेला, ते कळतं म्हणतात.

ती तिथेच बसून राहिली. खिडक्या बंद. पंखा बंद.

पहाटे... टोपलीखालून आवाज आला.

खस्... खस्...

पिठावरून बोट फिरावं तसा.

दिव्याची ज्योत हललीसुद्धा नाही.

उजाडल्यावर बाबांच्या भावाने, अविनाशकाकांनी, टोपली उचलली.

"पक्ष्याचा पाय आहे का हो?" आईने विचारलं.

काकांनी टोपली बाजूला ठेवून दिवा जवळ आणला.

पिठात नासपती होती... निमुळत्या टोकाशी अंगठ्याचा ठसा.

प्रयोगात काय दिसलं, हे अनुयाने घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

तिने आपला अंगठा ठशाजवळ धरला. ठसा मोठा होता. बाबांच्या अंगठ्याएवढा.

"तुम्ही जिंकलात, बाबा," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

आजही पोळ्या झाल्या की अनुया पोळपाट धूत नाही. त्यावर पीठ पसरते, टोपली झाकते.

कधी कधी पहाटे... खस्... खस्...

ती धावत जाऊन टोपली उचलते.

पीठ कोरंच असतं.