राठोड नलू, खेमसिंग

दिग्रसच्या कॉम्प्युटर क्लासात एकाच खुर्चीवर दोन बाजूनं दोघं एकाच टायमाले बसले अन् धाडकन खाली पडले. असे पडले, का बाजूच्या कापसाच्या जिनिंगमधल्या लोकायले वाटलं भूकंप आला!

"डोळे घरी ठुले का?" नलू गावंडे फनकारली.

"आनले व्हते... पन आता कामाचे नाही राह्यले," तिच्याकडं पाहतच तांड्यावरचा खेमसिंग राठोड बोलला.

तवापासून एक कॉम्प्युटर, दोन खुर्च्या, अन् मधात बोटभर जागा.

प्रोग्राम लिहितानी नलू परत्येक आकड्याले नवी ओळ घे अन् दरवेळी नावाच्या आंधी 'इंट', म्हनजे आकड्याची जात, लिहे. इंट वय. इंट उंची. इंट वजन...

"काहून वो, इंटा रचून राह्यली का? घर बांधतं?"

"बांधीन. तुले काय करा लागते?"

"एकडाव 'इंट' लिही. मांगून सारी नावं, मधात कॉमा. सारे एकाच घरातले."

"असं व्हय! म्हनजे एक आडनाव अन् दोन नावं?"

"हाव..." त्याचे कान मिरचीवानी लाल झाले.

मंग खेमले पुन्यात नोकरी लागली. जायच्या दिवशी दुपारी त्यानं नलूच्या प्रोग्राममधात एक ओळ टाकली. 'इंट'च्या जागी आपलं आडनाव — राठोड नलू, खेमसिंग;

स्क्रीनवर एररच एरर! नलू एवढी हासली, का रस्त्यावरच्या कापसाच्या ट्रकाले ब्रेक लागला.

"मास्तर, चुकले तुमी! राठोड कॉम्प्युटरले समजत नाही." टकटक करून तिनं ओळ पुसली. दोन नावं, दोन ओळी, दोन 'इंट'. "पाय, गेला एरर."

"गेला..." खेम म्हने. बॅग उचलली अन् निघाला.

घंटाभरानं नलू मैत्रिनीले, राखीले, सांगून राह्यली व्हती, "येडा! 'इंट'च्या जागी आपलंच आडनाव! म्हने, राठोड नलू—"

तोंड उघडंच राह्यलं.

पळत स्टँडवर गेली. पुन्याची गाडी कवाचीच गेलती. फोन लावला.

"खेम... थे ओळ..."

"समजून पुसली का, नलू?"

'नाही' म्हनलं असतं तर भागत व्हतं. पन अख्ख्या दिग्रसले बोलून हरवनारी थे जीभ भलतंच बोलून गेली.

"एरर येऊन राह्यला व्हता ना रे..."

"हाव," तो म्हने. "एररच व्हता थो."

फोन कटला. अन् मंग फुटलं तिच्या तोंडून — "समजलंच नाही रे मले... समजलंच नाही..." बंद फोनमधात, कितीक वेळ.