रेडिएटरमधला साका

पिशवीची गाठ सुटली आणि मामांनी तोंडाशी नेलेलं बिस्कीट परत बशीत ठेवलं.

"शी! काय आहे हे?"

"नळी आहे," आलेली बाई म्हणाली. "कॉम्प्युटरमधली."

बोटाएवढी जाड, काटकोनात वाकवलेली पारदर्शक प्लॅस्टिकची नळी. आत पिवळट करडा, शेंबडासारखा लगदा चिकटला होता. नळी कलली तसा तो सावकाश सरकला आणि खोलीभर आंबूस, खवट वास पसरला.

चिमटीने मात्र खुर्ची पुढे ओढली. हे नाव तिला मामांनीच दिलेलं, कारण तिच्या खिशात कायम एक चिमटा असे. अन्नभेसळ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत चार वर्षं काढून ती आता खाजगी तपास करत होती. मामा भूगोलाचे निवृत्त शिक्षक. तपासात ते सोबत करायचे आणि शंका काढायचे.

"मी नळ्या वाकवते," बाईने सांगितलं. धंद्यात तिला सगळे ताई म्हणत. "हौशी लोक कॉम्प्युटरची पेटी खास बनवून घेतात. आत पंख्याऐवजी पाणी फिरवायचं. पंप पाणी ढकलतो, ते प्रोसेसरवरच्या तांब्याच्या ठोकळ्यातून उष्णता घेतं आणि वर छताशी बसवलेल्या रेडिएटरमध्ये गार होतं. पेटीला काच असते, म्हणून नळ्या देखण्या लागतात."

"आणि झालं काय?"

"काल सकाळी दुकानाच्या काचेत ठेवलेल्या पेटीतली ही नळी निसटली. पाणी ग्राफिक्स कार्डावर सांडून सगळं जळालं. मालक म्हणतात, तू नळी आखूड कापलीस, वर नळाचं पाणी भरलंस म्हणून शेवाळ धरलं. कामावरून काढलं, तेही सोसलं असतं. पण हे काम करणाऱ्या सातही दुकानांच्या ग्रुपवर माझ्या नावानिशी टाकलं. आज सकाळीच दोघांनी कळवलं, तुमचं काम नको. अकरा वर्षं बोटं भाजून शिकलेय मी हे. दुसरं काही येत नाही मला."

"पाणी कुठलं भरलं होतं?"

"बाटलीतलं शुद्ध. त्यात जंतू मारायचे थेंब. पूर्ण दिवस चालवून बघितलं, मगच बहिणीच्या बाळंतपणाला गेले. आठ दिवसांनी आले तर पाणी जरा गढूळ. मालक म्हणाले, नव्या बाटलीतलं भरलंय, त्याचा रंगच तसा. त्याला आता बारा दिवस झाले."

चिमटीने लगद्याचा ठिपका वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर लावला आणि कागद उन्हात ठेवला. मग पट्टी काढली.

"टोकापासून तेरा मिलिमीटरवर रबरी कड्याचा वळ आहे. नळी जोडात किती आत जायला हवी?"

"तेराच."

"आणि टोक असं चपटं का?"

"मी बसवली तेव्हा गोल होतं."

मामांनी नाकावर रुमाल धरला. "अगं चिमटे, ते आधी बाहेर तरी ठेव!"

*

दुकानात वास आणखी वाईट होता. लांब टेबलावर मेलेली पेटी उघडी पडली होती. नळ्यांत तोच लगदा, तांब्याच्या ठोकळ्याच्या बारीक खाचांत तोच, वाळून खरुजेसारखा झालेला. या सगळ्या घाणीत पाण्याची काचेची टाकी तेवढी लखलखीत होती आणि तिला साबणाचा वास येत होता.

"टाकी कुणी धुतली?" चिमटीने विचारलं.

"मीच, काल. महाग असते ती," मालक म्हणाले. उंच स्टुलावर ते ताठ बसले होते, शर्टावरून कमरेला रुंद पट्टा. "बाई, सरळ मामला आहे. हिनं नळाचं पाणी घातलं, शेवाळ माजलं. लोकांसमोर नाक कापलं माझं. स्पर्धेच्या पहिल्या फेरीत निवडलेली पेटी होती ही!"

भिंतीवर निवडीचा फोटो होता. नळ्यांतून शुभ्र पांढरा द्रव चमकत होता.

"ताईंनी तर साधं पाणी भरलं होतं," चिमटी म्हणाली.

"रंग मागाहून कॉम्प्युटरवर दिलाय. हा काढतो फोटो." मालकांनी मेहुण्याकडे बोट केलं.

मेहुणा वायरी ओवत होता. आडदांड गडी. "मी? दाजी, माझ्या फोटोत नेहमी माणसाचं डोकं कापलं जातं. हा तुम्हीच पाठवलात."

"किती विसरतोस रे!"

मामा चष्मा कपाळावर चढवून फोटोला भिडले होते. "फोटो काढण्याआधी टाकी तरी पुसायची. पाण्याच्या वर काचेला पांढरी कड दिसतेय बघा."

चिमटीने फोटोकडे बघितलं, मग मेहुण्याला बाजूला घेतलं. "पेटीतलं पाणी कसं काढता तुम्ही?"

"तळाचा नळ सोडायचा. पण रेडिएटर वर असतो ना, त्यातलं असं येत नाही. अख्खी पेटी उचलायची, उलटीपालटी करायची, रडक्या पोरासारखी हलवायची. तीस किलो वजन! ताईंच्या वेळीही मीच उचलतो. त्याशिवाय मी पाणी काढलंय असं आजवर झालं नाही."

"चहा देता का एक?"

"कोराच मिळेल. दुधाची पावडर संपलीय. भरलेला डबा होता, ताई गावाला असताना एका रविवारनंतर बघतो तर ठणठणीत. रविवारी दुकान बंद, चाव्या दाजींकडे नि माझ्याकडेच. दाजी तर दूध पीतच नाहीत, पोट बिघडतं त्यांचं. म्हणजे खाल्ली मीच असणार, असं ते म्हणतात."

चिमटी हसली नाही. "रेडिएटरचं झाकण उघडा."

झाकण फिरलं. आतून गाठी असलेला राखाडी साका गळायला लागला, चमच्याचमच्याने. मामा दोन्ही हातांनी तोंड दाबून रस्त्यावर धावले. ते परत येईपर्यंत चिमटी थांबली.

*

"आधी शेवाळ," ती म्हणाली. "शेवाळाला उजेड लागतो. इथे सगळ्यात जास्त घाण रेडिएटरमध्ये आहे, आणि तिथे काळोख असतो. म्हणजे हे शेवाळ नाही."

तिने वर्तमानपत्राचा कोपरा खिडकीसमोर धरला. लगदा वाळून झडला होता, पण कागदावर आरपार उजेड दिसणारा डाग राहिला होता.

"पाण्याचा डाग वाळला की जातो. हा तेलकट डाग आहे. तुमच्या नळ्यांत स्निग्ध पदार्थ गेला, आणि खवट वास त्याचाच."

"तेल?" मामांनी विचारलं.

"दूध, मामा. फोटोतला रंग नंतर दिलेला असता तर नळ्यांपुरता असता. टाकीच्या काचेला पातळीच्या वर लागलेली कड कोण कशाला रंगवेल? ती साय आहे. प्रदर्शनासाठी मिळणारं पांढरं पाणी मागवायला वेळ नव्हता, म्हणून कुणीतरी डबाभर पावडर कालवून ओतली, फोटो काढला, मग दूध काढून साधं पाणी भरलं. जंतू मारायचे थेंब ताईंच्या पाण्याबरोबर केव्हाच वाहून गेले होते."

"मग घाण राहिली कशी?" मेहुण्याने विचारलं.

"तळाचा नळ तेवढा सोडला म्हणून. रेडिएटरमधलं दूध वरच राहिलं आणि नव्या पाण्यात मिसळलं. उबेत बारा दिवसांहून जास्त नासत फिरलं. ठोकळ्याच्या खाचा तुंबल्या, पाणी जागीच तापलं, प्लॅस्टिक मऊ पडलं. टोक चपटं झालं आणि नळी निसटली. तेरा मिलिमीटरचा वळ सांगतो की ताईंनी ती पूर्ण आत बसवली होती."

ताईने पिशवीतली नळी काढून मालकांसमोर ठेवली.

"दुकानाच्या चाव्या तुम्हा दोघांकडेच," चिमटी पुढे म्हणाली. "तुमच्या मेहुण्यांनी पाणी काढलं असतं तर पेटी उचलून हलवली असती. हाताची सवय ती. पेटी न उचलता पाणी काढणारा माणूस म्हणजे जो ती उचलूच शकत नाही."

सगळ्यांच्या नजरा मालकांच्या कंबरदुखीच्या पट्ट्याकडे गेल्या.

"वाटेल ते बोलू नका," मालक म्हणाले.

"मग काल सगळी घाण तशीच ठेवून एकटी टाकीच का घासलीत? बाकीचा लगदा शेवाळ म्हणून खपला असता. टाकीतली साय कुणीही ओळखली असती."

मेहुण्याने हातातली वायर खाली टाकली. "दाजी, पावडर मी खाल्ली म्हणत होता तुम्ही! दोन आठवडे कोरा चहा पाजलात!"

"फोटो पाठवायची मुदत त्या दिवशीच संपत होती," मालक पुटपुटले. "मला काय माहीत असं होईल..."

"तोपर्यंत तो नुसता मूर्खपणा होता," चिमटी म्हणाली. तिच्या ओठांच्या कडा खाली वळल्या होत्या. सकाळपासून पहिल्यांदाच तिला किळस आलेली दिसत होती. "काल तुम्ही ती साय हाताने खरवडलीत. मग हात धुतलेत आणि ग्रुपवर यांचं नाव लिहिलंत. आता तिथेच दुरुस्त करा, आमच्यासमोर."

मालकांनी फोन काढला, बराच वेळ टाइप केलं आणि ताईपुढे धरला. तिने वाचलं: 'बाह्य पदार्थामुळे तांत्रिक बिघाड झाला असून संबंधित कर्मचाऱ्याचा दोष आढळला नाही.'

"बाह्य पदार्थ खोडा," ती म्हणाली. "दूध लिहा. कुणी ओतलं ते लिहा. आणि संबंधित कर्मचारी काय? काल माझं पूर्ण नाव आठवलं होतं तुम्हाला, आजही आठवेल."

मालकांनी लिहिलं. संदेश गेला. लागलीच फोन खणखणू लागला, तो त्यांनी उपडा ठेवला.

"झालं समाधान? उद्यापासून ये कामावर."

ताईने टेबलाखालून आपली गरम हवेची बंदूक काढली आणि वायर कोपरावर गुंडाळली.

"तुमच्या शेजारी बसून? नको मालक," ती म्हणाली. "मला मळमळेल."